ईसीजीच्या वायरी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२६ जून हा छळपीडितांच्या पाठिंब्याचा आंतरराष्ट्रीय दिवस. तो जवळ आला की मला एक केसपेपर आठवतो.

मी गोंदिया जिल्ह्यात परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. थंडीत स्वेटर विकणारी ही माणसं सगळ्यांना ठाऊक असतात, तेवढीच.

छातीत धडधडतं म्हणून तिथले एक आजोबा आले. पूर्वी भिक्खू होते, १९९० नंतर तिबेटमधून निसटून आलेले. मनगटांना, घोट्यांना ईसीजीचे चिमटे लावले आणि हा शांत माणूस कॉटवरून उतरून कोपऱ्यात उकिडवा बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून. पँट ओली. वॉर्डातल्या मामांनी, म्हणजे वॉर्डबॉयनी, धरायला हात पुढे केला, तर जास्तच थरथरायला लागले. केसपेपरवर लिहिलं गेलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही'. मीही चिडलेच होते. बाहेर रांग होती.

आजोबांच्या भाचीनं नंतर सांगितलं, तुरुंगात त्यांना विजेचा दांडका लावायचे. तोंड का झाकलं, ते मला पुढे पाल्देन ग्यात्सो या भिक्खूंबद्दल वाचल्यावर उमगलं. त्यांनी ३३ वर्षं चिनी तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत काढली, १९९२ मध्ये भारतात येताना छळाची हत्यारंच सोबत आणली. असाच दांडका त्यांच्या तोंडात घातला होता, दात गेले.

दुसऱ्या खेपेला मी चिमटा आधी स्वतःच्या मनगटाला लावून दाखवला. हे मशीन वीज देत नाही, असं मोडक्या हिंदीत सांगितलं. दार उघडं ठेवलं. दहा मिनिटं जास्त लागली, ईसीजी नॉर्मल निघाला. धडधड, झोप न येणं, याला तिबेटी लोक 'लुंग' म्हणतात, म्हणजे वारा. आपल्या वातासारखंच की!

आजोबांना सालं मात्र लागत नसत. तुरुंगवास कधी तीन वर्षं सांगत, कधी पाच. परदेशांत आश्रय मागणाऱ्यांचे अर्ज अशाच तफावतीवरून खोटे ठरवले जातात. छळाच्या तपासणीसाठी १९९९ मध्ये तयार झालेला इस्तंबूल प्रोटोकॉल बजावतो की, अशा विसंगती छळ सोसलेल्यांत आढळतातच, त्यावरून माणूस खोटं बोलतो असं धरू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण अजून त्याला मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालेलं विधेयकही पुढे बारगळलं. ते दिल्लीचं काम. माझी मागणी लहान आहे : निर्वासितांच्या वसाहतींजवळच्या रुग्णालयांत अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण द्या, दुभाष्या ठरवून ठेवा. आणि प्रशिक्षणाला मामांना आधी बसवा. डॉक्टरांच्या बदल्या होतात, मामा तिथंच असतात.

– एक निवृत्त परिचारिका, अर्जुनी मोरगाव