बॅटरी खाण्याची चेष्टा कशाला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतली, खाता येणाऱ्या पदार्थांपासून केलेल्या बॅटरीची बातमी रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. 'आता बॅटरी खा, पोट भरा' हे हेडिंग कोणाला सुचलं माहीत नाही, पण माझ्या घरात पोटात मशीन अडकलेलं माणूस पंधरा दिवस वावरलंय, मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तीन वर्षांपूर्वी आईला काळी शी व्हायला लागली, हिमोग्लोबिन सहावर आलं, वरून दुर्बीण घालून झाली, खालून झाली, दोन्हीत काही सापडेना, मग कॅप्सूल एंडोस्कोपी. बोटाच्या पेराएवढी गोळी, त्यात कॅमेरा, लाइट आणि बॅटरी, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा आणि आठ तास फोटो. आई म्हणाली, "एवढी मोठी गं, जाईल का खाली?" आणि दोन घोट पाण्याबरोबर गिळली. रक्त कुठून येतंय ते त्या कॅमेऱ्यानेच दाखवलं, ते मी नाकारत नाही. घरी पाठवताना सांगितलं, एकदोन दिवसांत पडून जाईल, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा म्हणजे काय, तर मी रोज सकाळी हातमोजे घालून जुन्या पिठाच्या चाळणीत पाणी ओतत बघत बसायचे आणि आई दाराआडून म्हणायची, "तू नको गं करूस हे, मला लाज वाटते." दहा दिवस झाले, बारा झाले, काही नाही. कमरेचा एमआरआय ठरला होता तोही रद्द, कारण गोळी आत असताना एमआरआय चालत नाही. पंधराव्या दिवशी एक्सरेत उजवीकडे खाली ती पांढरी गोळी स्पष्ट दिसली. जुन्या टीबीने लहान आतडं तिथे आकसलं होतं. शेवटी पोट उघडून तेवढा तुकडा काढला, त्यातच गोळी निघाली.

टीबी होऊन गेलाय हे फॉर्मवर मी स्वतः लिहिलं होतं हो! आणि आधी गिळायची एक डमी गोळी मिळते, लॅक्टोज आणि बेरियमची, अडकली तर आपोआप विरघळते, हे मला ऑपरेशननंतर कळलं. आधी कोणी एका शब्दाने बोललं नाही. आपल्याकडे आतड्याचा टीबी काही दुर्मिळ नाही, मग हे आधी विचारायला नको?

म्हणून ती बातमी मी दोनदा वाचली. मिलानमध्ये इटालियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मारिओ काइरोनींच्या टीमने २०२३ मध्ये ही बॅटरी केली, एका बाजूला रायबोफ्लेविन म्हणजे बी-२ व्हिटॅमिन, दुसऱ्या बाजूला क्वेर्सेटिन जे आपल्या कांद्यात असतं, मध्ये सुशीला गुंडाळतात ते समुद्री शेवाळ, वरून मधमाशीचं मेण आणि करंट बाहेर आणायला खाण्याचं सोनं. पोटात राहिली तरी चाकू लावायला लागू नये, सगळा खटाटोप त्यासाठी. आणि तुमच्या बातमीत नेमकं हेच नाही! उलट 'एंडोस्कोपीला लवकरच रामराम' छापलंय. अहो, ती बॅटरी देते ०.६५ व्होल्ट, ४८ मायक्रोअँप, तेही १२ मिनिटं. एवढ्यावर आठ तास कॅमेरा कसा चालेल? आज पोटाची तपासणी पुढे ढकलून या बॅटरीवरच्या गोळीची वाट बघत बसणारी माणसं आहेत, माझ्या नात्यातच एक काका आहेत, त्यांनी काल मला कात्रणाचा फोटो पाठवला आणि विचारलं, कधी येणार गं हे? त्यांना मी काय सांगू? २०२४ मध्ये त्याच संस्थेने टूथपेस्टमधल्या पांढरेपणा आणणाऱ्या निळ्या रंगापासून ट्रान्झिस्टर (रेडिओ नव्हे, सर्किटमधला करंट चालू-बंद करणारा छोटा भाग) केला, म्हणजे काम एकेक पाऊल पुढे सरकतंय, पण गोळी म्हणून दवाखान्यात यायला वेळ आहे, हे सरळ लिहायला काय हरकत होती?

आणखी एक. त्याच बातमीखाली 'सात दिवसांत पोट साफ' अशा चूर्णाची पाव पान जाहिरात आहे. रक्त पडत असताना आईने आधी दोन महिने अशीच चूर्णं घेतली, पेपरात बघूनच. पोटाच्या आजाराच्या बातमीखाली तरी या जाहिराती घेऊ नका.

हेडिंगची चूक झाली एवढं छापा, आणि जमलं तर एक छोटी चौकट टाका: कॅप्सूल गिळण्याआधी डॉक्टरांना टीबी, क्रोन्स (आतड्याला सूज येण्याचा आजार), पोटाची जुनी ऑपरेशनं सगळं सांगा आणि डमी गोळीचं स्वतःहून विचारा. चार ओळींची जागा लागेल.

आपली नियमित वाचक,
सांगली