सोडून जाणे आणि पाठवले जाणे

रविवारच्या क्रीडा पानावर संघ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूंना सरसकट ‘गद्दार’ ठरवणारा लेख वाचला. तो पटला नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडू करार संपल्यावर स्वतःच्या मर्जीने जातो, किंवा करार चालू असतानाच संघ त्याची अदलाबदल करतो. जुलै २०१० मध्ये लेब्रॉन जेम्स क्लीव्हलँडहून गेला तो मर्जीने. तिथे त्याच्या जर्सी जाळल्या गेल्या. (परतून त्याने २०१६ चे विजेतेपद त्याच शहराला मिळवून दिले, हे लेखात आलेच नाही.)

लुका डॉन्चिचचे तसे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसच्या संघाने त्याला परस्पर लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाकडे धाडले. अदलाबदल नाकारण्याचे कलम करारात घालून घ्यायचे, तर लीगमध्ये किमान ८ हंगाम आणि त्यातले ४ त्याच संघात व्हावे लागतात. डॉन्चिचचा तो सातवाच हंगाम होता! म्हणूनच डॅलसच्या प्रेक्षकांनी घोषणा दिल्या त्या महाव्यवस्थापकाला हटवण्यासाठी. नोव्हेंबरात त्याला हटवलेही. वाशी-नेरुळच्या कोर्टांवर डॉन्चिचची डॅलसमधली निळी ७७ क्रमांकाची जर्सी घालून खेळणाऱ्या पोरांना लेखकाने एकदा विचारून पाहावे.

– एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई