मलावीहून लेकीला, चौथ्या रात्री

मंगोची जिल्हा, मलावी
एप्रिल, मंगळवार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझा निरोप मिळाला. पेशंट किती तपासले, औषधं किती वाटली, फोटो कधी पाठवतेस. रविवारी तरुण संघाला अहवाल द्यायचाय. तू विचारणारच. पैसे तुम्ही मुलांनी दारोदार फिरून जमवलेत. पण आज चौथा दिवस आहे आणि मी अजून एकालाही आपल्या पिशवीतलं औषध दिलेलं नाही. असं का झालं ते नीट सांगते, म्हणजे मंडळीपुढे उभी राहशील तेव्हा अडखळणार नाहीस.

शनिवारी पोचलो. पाऊस नुकताच संपलाय, मका कापणीला आलाय. बायका मला 'आमायी' म्हणतात, म्हणजे आई. 'मुली ब्वांजी' असं विचारलं की उत्तर येतं, 'न्दिली ब्वीनो, काया इनू': मी बरी आहे, तुमचं कसं? पहिल्या दिवशी मी नुसतं 'ब्वीनो' म्हणून पुढे निघाले, तर एक म्हातारी माझ्याकडे बघत तशीच उभी राहिली, उरलेलं वाक्य येईल म्हणून. फार लाजले गं मी. मागे फिरून विचारलं तेव्हा तिने माझे दोन्ही हात हातात घेतले.

गरिबी दिसते, ती तुझ्यापासून लपवत नाही. बऱ्याच घरांवर गवताचं छप्पर, अख्ख्या वस्तीला एक हापसा, पहाटेपासून बादल्यांची रांग. पहिल्या संध्याकाळी मी रडले.

सोमवारी शिबिर लावायचं ठरलं होतं. परवान्याचे कागद होते, औषधांच्या अकरा बॅगा होत्या. सकाळी गावातली आरोग्य सहायिका सायकलवरून आली. पाच वर्षांखालच्या मुलांचा ताप, खोकला, जुलाब ती बघते. डोक्याला ओढणी, ती मुसलमान आहे, या जिल्ह्यात तो समाज मोठा आहे. सगळ्यांची विचारपूस झाली, मग ती आमच्या पाळकसाहेबांना म्हणाली, "तुम्ही दहा दिवस आहात. आया तुमच्याकडे येतील, माझ्याकडे येणार नाहीत. तुम्ही गेल्यावर पोराला पुन्हा ताप आला, तर आधी त्याला काय दिलं होतं ते मला कुठून कळणार?" तिच्या आवाजात राग नव्हता. माझी उभी हयात वॉर्डात गेली, पण यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाळकसाहेबांनी जागेवर प्रार्थना केली आणि बॅगा मिशन हॉस्पिटलच्या औषध भांडाराकडे पाठवून दिल्या, तिथले फार्मासिस्ट तपासून घेतील. आमच्यातले दोघेजण नाराज झाले. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

तिच्याकडे कुलूप लावलेली एक लाकडी पेटी, एक रजिस्टर आणि श्वास मोजायचा टायमर. पहिलं पोर दहा महिन्यांचं, अंग तापलेलं. तिने बोटातून थेंबभर रक्त घेऊन मलेरिया तपासायची पट्टी लावली आणि निकाल दिसेपर्यंत बाळाची आरोग्य पुस्तिका चाळली. त्यात मलेरियाच्या लसीच्या नोंदी होत्या. मुलांच्या लसीकरणात ती लस द्यायला जगात सगळ्यात आधी याच देशात सुरुवात झाली, एप्रिल २०१९मध्ये. पट्टीवर मलेरिया निघाला नाही. मग तिने झबलं वर केलं आणि मला म्हणाली, श्वास मोजा. मी सवयीने अर्धा मिनिट मोजून दुप्पट केली: सेहेचाळीस. तिने मान हलवली. बाळ हुंदके देत होतं. तिने आईला त्याला छातीशी धरायला सांगितलं, ते शांत होईपर्यंत थांबली आणि टायमर लावून पूर्ण एक मिनिट मोजलं. त्रेपन्न. खोकणाऱ्या मुलाचे श्वास या वयाला मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त म्हणजे न्यूमोनिया धरायचा. माझ्या आकड्यावर ते बाळ औषधाविनाच घरी गेलं असतं. तिने अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं, आईकडून पहिला डोस समोरच पाजून घेतला, आणि गोळी पाण्यात कशी विरघळवायची ते आईलाच परत सांगायला लावलं.

आज दुपारी आम्हाला केप मॅक्लिअरला नेलं. आफ्रिकेत फिरलेले स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्यांच्या नावाचं स्कॉटिश मिशन १८७५ साली इथे मलावी सरोवराकाठी उभं राहिलं आणि हिवतापाने माणसं जाऊ लागली म्हणून १८८१मध्ये उत्तरेला बंदावेला हललं. डासांचा संबंध तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता, तो १८९७मध्ये उलगडला. तिथल्या थडग्यांत शाद्राक न्गुनाना यांचं थडगं आहे. ते दक्षिण आफ्रिकेतले, खोसा समाजातले प्रचारक, १८७७मध्ये वारले. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोराच माणूस येतो, म्हणून हे नाव संघातल्या मुलांना आवर्जून सांग. चुमाचंही सांग. तो याच भागातल्या याओ लोकांतला, १८६१मध्ये गुलामांच्या तांड्यातून सुटलेला. लिव्हिंगस्टनबरोबर १८६४मध्ये मुंबईला आला, डॉ. विल्सन यांच्या मिशन शाळेत शिकला, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांचा दुसरा सेवक सूसी आणि चुमा, सोबत्यांना घेऊन, त्यांचा देह समुद्रापर्यंत पायी घेऊन गेले. आपल्याकडे चुमाचं नाव उपदेशात मी कधी ऐकलं नाही, याचं मला आज वाईट वाटलं.

प्रभूने सत्तर जणांना पाठवलं तेव्हा त्यांच्याजवळ झोळीसुद्धा नव्हती. आम्ही अकरा बॅगा घेऊन आलो. बाळा, त्या वाया गेल्या असं मी म्हणत नाही, औषध कुणाच्या तरी अंगी लागेल. पण अहवालात पेशंटचा आकडा घालू नकोस. आईने हातात मूल धरलेला फोटोही मी काढलेला नाही, आणि काढणार नाही. संघाकडे पैसे शिल्लक असतील तर इकडे कळव. सहायिकेच्या सायकलचं मागचं चाक गेलंय, आणि तिच्याकडे चार गावं आहेत. पण ते आपण परस्पर द्यायचं की तिच्या कार्यालयामार्फत, हे आधी तिलाच विचारते.

आता झोपते. न्यूमोनियाच्या मुलाला तिसऱ्या दिवशी परत बघायचं असतं. तो दिवस उद्या आहे, आणि उद्या टायमर माझ्या हातात देणार म्हणालीय. त्या बाळासाठी आज रात्री प्रार्थना कर.

तुझी,
आई