मिस्त्रीकाका, तुम्ही झाकाझाक केली नाहीत

मिस्त्रीकाका, सप्रेम नमस्कार.

आमच्या बाथरूमचं काम संपलं त्या दिवशी तुमच्या हातात पैसे दिले, चहा दिला, पण बोलायचं होतं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिलेलं.

आमची डोंबिवलीची इमारत १९८४ची, बाथरूमही तेव्हाचंच. खालच्या काकूंच्या छताला सात-आठ वर्षं ओल होती. त्या कधी भांडल्या नाहीत, गळतं तिथे बादली ठेवायच्या. आम्ही दोनदा माणसं आणली. दोघांनीही टाइल्सच्या फटींत पांढरं सिमेंट भरलं आणि तीन महिन्यांत ओल परत आली. तिसरा म्हणाला, जुन्या टाइल्सवरच नव्या बसवू, चार दिवसांत मोकळे. आईचे हाल नकोत म्हणून मी जवळजवळ हो म्हणून बसले होते.

तुम्ही कोपऱ्यातल्या टाइलवर छिन्नीचा दांडा वाजवलात. पोकळ आवाज आला. "ताई, वरवर काही करू नका. स्लॅबपर्यंत खाली जावं लागेल," एवढंच म्हणालात.

टाइल्सखालचा विटांचा कोबा निघाला तेव्हा मला धक्काच बसला. घमेल्यात टाकलेल्या विटांच्या तुकड्यांतून पाणी निथळत होतं. नहाणी ट्रॅपचा, म्हणजे बाथरूमचं पाणी जिथून खाली जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा, सांधा सुटला होता आणि तिथून पाणी वर्षानुवर्षं कोब्यात मुरत होतं. फटी बुजवून ते थांबणार कसं? नळाला पाणी आणणारा जुना जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी, पाइप कापून तुम्ही मला आतून दाखवलात. गंजाने पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. आईची बादली भरायला इतका वेळ का लागायचा, ते तेव्हा कळलं.

मग स्लॅबमधली सळई उघडी पडली, गंजून फुगलेली. त्या क्षणी तुम्ही ब्रेकर, म्हणजे फोडायचं मशीन, बंद केलंत. मशीनच्या हादऱ्याने खालचं प्लास्टर काकूंच्या अंगावर पडेल, म्हणालात. मशीनने एका दिवसात झालं असतं ते काम तुम्ही आणि तुमच्या मुलाने छिन्नी-हातोड्याने चार दिवस केलंत. पैसे आधीच ठरलेले होते. वाढलेल्या दिवसांचा एक रुपया तुम्ही मागितला नाहीत, मलाही तेव्हा सुचलं नाही. याची खंत अजून आहे.

सळया घासून, गंजरोधक लावून, नवं वॉटरप्रूफिंग झाल्यावर गळतं का ते बघायला तुम्ही ४८ तास पाणी भरून ठेवलंत. पातळीशी भिंतीवर पेन्सिलची रेघ मारलीत. दुसऱ्या रात्री दहा वाजता, दिवसभर दुसरीकडे राबून आलेले तुम्ही काकूंच्या घरात स्टुलावर चढून छतावर तळहात फिरवत होतात. कोरडं आहे, म्हणालात, तेव्हा काकूंचे डोळे भरून आले.

आणि आईसाठी केलंत ते तर आम्ही सांगितलंही नव्हतं. ती भिंतीला धरून चालते हे तुम्ही पाहिलंत आणि टाइल्स लावण्याआधी कमोडशेजारची भिंत पक्की भरून घेतलीत, तिथे बसवलेला धरायचा दांडा तिचं वजन पेलेल अशी. आता ती रात्री मला उठवत नाही, एकटी जाऊन येते.

काकूंनी गेल्या आठवड्यात छताला रंग दिला. तुमच्यासाठी लाडू करून ठेवलेत, मुलाला घेऊन या.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची ताई