यादीत मराठी नाही, ही माझी तक्रार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘स्वतंत्र भारताचे राष्ट्रीय साहित्य’ या मथळ्याखाली कादंबऱ्यांची एक यादी आली आहे. बहुतेक पुस्तके मुळात इंग्रजीत लिहिलेली. उरलेली दोन-तीन लेखकमहाशयांनी इंग्रजी अनुवादातून वाचली, असे त्यांनीच प्रामाणिकपणे सांगितले आहे. एव्हाना तुमच्याकडे पत्रांचा ढीग पडला असेल: चार ज्ञानपीठे मिळवलेल्या मराठीला जागा नाही? अमुक कुठे आहेत, तमुक कसे विसरलात? माझे पत्र त्या ढिगात टाकू नका. मराठीतले एखादे नाव घुसवले म्हणून ती यादी सुधारणार नाही.

आकडे फेकून भांडणे सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सुमारे २ लाख ६० हजार आणि मराठी सांगणारे ८ कोटी ३० लाख. पण डोकी मोजून साहित्य ठरवायचे म्हटले तर सिंधी आणि कोकणी पहिल्याच फेरीत बाद होतील. शिवाय इंग्रजी परकी आहे, हेही मला पटत नाही. अरुण कोलटकरांना ‘जेजुरी’साठी १९७७ साली राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले ते इंग्रजी कवितेसाठी, आणि २००५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो ‘भिजकी वही’साठी, म्हणजे मराठीसाठी. माणूस एकच, काळ्या घोड्याजवळच्या हॉटेलात बसणारा. त्यांना कोणत्या खणात ठेवायचे हा प्रश्न यादी करणाऱ्यांना पडतो, वाचणाऱ्यांना नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ज्या वाटेने ही यादी तयार झाली, त्या वाटेवर मराठी माणसाला तमिळ लेखक आणि कन्नड माणसाला मराठी लेखक भेटण्याची सोयच नाही. शेजारच्या खोलीत जायचे, तर आधी बाहेर पडून चाळीला वळसा घालायचा, अशी ही तऱ्हा आहे.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या मराठी शाळेत झाली, शीव-धारावीच्या बाजूला. पालिका आठ माध्यमांतून शिकवते आणि जागा मुंबईची, त्यामुळे एका इमारतीत दोन-तीन शाळा नांदतात. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तमिळ, पहिल्या मजल्यावर आम्ही आणि वर उर्दू. मुख्याध्यापक तीन, हजेरीपट तीन, घंटा एक. तमिळ शाळेच्या त्या टीचर, उर्दूच्या त्या आपा आणि आम्ही बाई. खिचडीची रांग एकच, आणि रांगेतली भाषा म्हणजे आपली मुंबईची हिंदी, जिला व्याकरण नाही पण जी कुणालाही अडू देत नाही.

तळमजल्यावरची लहान मुले सकाळी ‘अरम् सेय विरुम्बु’ असे एका सुरात म्हणायची. ऐकून ऐकून आमच्या तिसरी-चौथीच्या मुलांनाही ते पाठ झाले. अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही. शेवटी टीचरांनी स्टाफरूममध्ये सांगितले, तेही त्या रांगेतल्याच हिंदीत: ही अव्वैयार नावाच्या जुन्या कवयित्रीची ओळ, ‘धर्माने वागायची इच्छा धर’. ही बाई तमिळ मुलांना अक्षरओळखीबरोबर भेटते, कारण तिच्या ओळी मुळाक्षरांच्या क्रमाने लावलेल्या आहेत. मी त्यांना बहिणाबाई सांगितली. ‘अरे संसार संसार’चे हिंदी करताना माझी जी तारांबळ उडाली ती आपांनी पाहिली, आणि दोन ओळी त्यांनी उर्दूत इतक्या सफाईने बसवल्या की मी लिहून घेतल्या. हे सगळे मधल्या सुट्टीत. अभ्यासक्रमात यातले काहीही नव्हते.

त्याच टीचरांनी मला तमिळ कवी सुब्रमण्य भारतींची एक कविता सांगितली. भारती १९२१ साली गेले, म्हणजे ही कविता त्याआधीची, इंग्रजांच्या राज्यातली. देश स्वतंत्र झाल्यावर काय काय करू, याचे ते स्वप्न आहे. गंगेकाठचा गहू घेऊ आणि कावेरीकाठची विड्याची पाने देऊ. आणि सिंहासारख्या मराठ्यांची कविता घेऊन बदल्यात केरळचे हस्तिदंत भेट देऊ. आम्हा मराठी बायांना आपल्या कवितेचा असा भाव कुणी केला आहे, हे कधी कळलेच नव्हते! मला त्यातले आवडते ते हे, की या देवाणघेवाणीत मधला दलाल नाही.

थोडी देवाणघेवाण झालीही. टीचरांच्या आई खांडेकरांच्या भक्त होत्या. का. श्री. श्री. यांनी खांडेकर थेट मराठीवरून तमिळमध्ये नेले, आणि तिकडच्या कितीतरी घरांत ते घरचेच लेखक होऊन राहिले. उलट दिशेने साने गुरुजी. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या राजबंद्यांबरोबर राहताना त्यांना ही ओढ लागली आणि पुढे त्यांनी तिरुक्कुरळ हा जुना तमिळ ग्रंथ मराठीत आणला. मामा वरेरकरांनी शरदबाबू, म्हणजे कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्याय, बंगालीतून आणले. या मंडळींना ‘राष्ट्रीय साहित्य’ हा शब्द फारसा लागला नाही.

ज्यांना तो लागला, त्यांची गोष्ट मुंबईशीच जोडलेली आहे. प्रेमचंद १९३४ साली सिनेमाच्या नोकरीसाठी इथे आले, दादरला राहिले आणि वर्षभराच्या आत कंटाळून परत गेले. पण १९३५ मध्ये त्यांनी आणि गुजराती लेखक कन्हैयालाल मुन्शींनी मिळून ‘हंस’ हे सगळ्या प्रांतांच्या साहित्याचे मासिक करायला घेतले. गुजराती, मराठी, तमिळ, बंगाली, सगळे हिंदीतून एका ठिकाणी. पुढच्याच वर्षी नागपूरला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भारतीय साहित्य परिषद भरली आणि जोडणारी भाषा हिंदी की हिंदुस्तानी यावरून तिथे जी तेढ पडली, तिने उर्दूवाले दुखावून दूर गेले. त्याच ऑक्टोबरात प्रेमचंद वारले. इंग्रजीच्या जागी दुसरी एखादी भाषा मधोमध बसवून हा प्रश्न सुटत नाही, हे तेव्हाच दिसले होते. आजही काहीजण ‘इंग्रजी नको ना, मग सगळे हिंदीत आणा’ म्हणतात, त्यांनी ते साल आठवावे.

साहित्य अकादमी १९५४ ची. भारतीय साहित्य एक आहे, फक्त ते अनेक भाषांत लिहिले जाते, हे राधाकृष्णन यांचे वाक्य अकादमीच्या समारंभांत हमखास ऐकू येते. ऐकायला छान आहे. एकच आहे तर धारावीतल्या तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर यायला त्याला इतकी वर्षे का लागतात, एवढेच मला विचारायचे आहे. अकादमीचे मुंबईचे कार्यालय दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या इमारतीत आहे. मराठी, गुजराती, कोकणी आणि सिंधी तिथून पाहिल्या जातात. अकादमीचे अनुवाद मी तिथून विकत घेतले आहेत. स्वस्त असतात, चांगले असतात. पण आमच्या बाजूच्या एकाही पुस्तकाच्या दुकानात मला ते कधी दिसले नाहीत.

याहून मोठी गंमत म्हणजे खुद्द मुंबई. या शहरावर मराठीत जेवढे लिहिले गेले, त्याच्या बरोबरीने इतर भाषांत लिहिले गेले. उर्दू कथाकार मंटो १९४८ पर्यंत भायखळ्याला क्लेअर रोडवर राहत होता. यशवंत चित्ताल वांद्र्याला राहून कन्नडमध्ये मुंबईच्या कंपन्यांमधली घुसमट लिहीत होते. जयंत कायकिणी इथे नोकरी करता करता आपल्या चाळी, इराणी हॉटेले आणि सिनेमाघरे कन्नड कथांत नेत होते. त्या कथांच्या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्यासाठीचा २०१८ चा डीएससी पुरस्कार मिळाला, आणि मी त्या वाचल्या त्या इंग्रजीतच. विचार करा: गोष्ट मुंबईची, लिहिणारा गोकर्णचा, वाचणारी शीवची, आणि मध्ये इंग्रजी! हासनच्या कन्नड लेखिका बानू मुश्ताक यांचे नावही आपल्यापैकी बहुतेकांना २०२५ च्या आंतरराष्ट्रीय बुकरच्या बातमीतूनच कळले. हासन लंडनपेक्षा जवळ आहे हो.

याउलट नारायण सुर्वे पाहा. गिरणगावात वाढलेले, पालिकेच्याच शाळेत आधी शिपाई आणि पुढे शिक्षक, म्हणजे आमच्यातलेच. कृष्ण चंदर यांनी दादरच्या पुलाजवळच्या मुलांवर उर्दूत कादंबरी लिहिली, ती सुर्व्यांनी मराठीत आणली. दोघांनाही तोच पूल ठाऊक होता, म्हणून ते पुस्तक परके वाटत नाही.

थेट अनुवाद करणारी माणसे कुठून आणायची, असा प्रश्न तुमच्या लेखात शेवटी ओझरता येऊन गेला आहे. उमा कुलकर्णींनी कन्नड कादंबरीकार भैरप्पा मराठीत आणले. त्यांना कन्नड लिपी वाचता येत नसे. त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करत आणि त्या ऐकून लिहीत. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादाला १९८९ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे घरात एक कान आणि एक तोंड असले तरी काम होते. अशी घरे मुंबईत पोत्याने आहेत, आणि अशा शाळाही होत्या. ‘होत्या’ म्हणते, कारण तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यमांचे पट घसरत चालले आहेत. मराठीचेही घसरताहेत, ते वेगळे रडगाणे. पट संपला की शिक्षक बदलून जातात किंवा निवृत्त होतात, आणि दोन भाषांत आयुष्य काढलेली माणसे मालाड-कल्याणच्या फ्लॅटमध्ये नातवंडे सांभाळत बसतात.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आनंद मलाही झाला. त्या निमित्ताने जे काही पैसे येतील त्यातला चांगला भाग आपल्या भाषेत काय आणायचे यावर खर्च व्हावा, आणि या निवृत्त टीचर, आपा, मास्तर यांना शोधून काढावे. अनुवादकाला मानधन लेखकाच्या तोडीचे द्यावे आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे. बालभारतीच्या मराठी पुस्तकांत एखादा अनुवादित धडा असतो, नाही असे नाही. पण राज्यात जी माध्यमे शिकवली जातात, निदान त्या भाषांतला एकेक धडा प्रत्येक इयत्तेत असायला काय हरकत आहे? तो मुळातून आणलेला असावा, एवढी एकच अट.

आणि तुमच्यासाठी एक सूचना. पुरवणीचे अर्धे पान महिन्यातून एकदा यासाठी द्या. यादी नको, मजकूर छापा: एका भारतीय भाषेतली एक कथा किंवा चार कविता, मुंबईत राहणाऱ्या माणसाने थेट मराठीत आणलेल्या. मी आमच्या टीचरांना आणि आपांना फोन केला होता. दोघीही तयार आहेत, मराठी मी तपासून देईन. पहिल्या अंकात काय द्यायचे यावर मात्र एकमत नाही. टीचर म्हणतात भारतींची ती कविता, आपांचे म्हणणे असे की कवितेने कुणी पान उघडत नाही, मंटोची एखादी छोटी गोष्ट द्या. तुम्ही पान देत असाल तर निर्णय तुमच्यावर सोडते.

आपली,
एक निवृत्त पालिका शिक्षिका
शीव, मुंबई