कॉफी-चॉकलेट क्रीम केकविषयी मुलास पत्र

चि. मुलास,
अनेक आशीर्वाद.

कॉफी आणि चॉकलेट क्रीमचा केक घरी करायचे तू ठरवलेस आणि त्याची कृती माझ्याकडे मागितलीस, याचा मला फार आनंद झाला. प्रमाणे तर देतेच. परंतु या केकमध्ये प्रमाणांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष तापमानाकडे द्यावे लागते. एका टप्प्यावर जिन्नस कढत हवा असतो, पुढच्याच टप्प्यावर पूर्ण गार हवा असतो, आणि घाई केली की नेमके तिथेच बिनसते. म्हणून प्रत्येक ठिकाणी कारणही लिहीत आहे.

18 सेंटीमीटर व्यासाच्या उंच कडेच्या एका डब्यासाठी 125 ग्रॅम मैदा, 40 ग्रॅम बिनसाखरेची कोको पावडर, 200 ग्रॅम साखर, पाऊण छोटा चमचा खाण्याचा सोडा, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, एक अंडे, 60 मिलिलिटर वास नसलेले तेल, 120 मिलिलिटर दाट ताक आणि तेवढीच कडक, बिनदुधाची कॉफी घे. डब्याला आतून तेल लावून तळाशी बटर पेपर घाल आणि ओव्हन 175 अंश सेल्सिअसवर तापत ठेव.

सर्वप्रथम कोकोवर कढत कॉफी ओतून ती गुठळी न राहता घोटून घे. कोकोत स्निग्धांश असल्यामुळे तो गार पाण्यात नीट भिजत नाही. गरम कॉफीत मात्र तो मोकळा होतो आणि त्याचा सुगंध खुलतो. कोको आणि कॉफी या दोन्ही बियांचा स्वाद भाजण्यातून तयार होतो, त्यामुळे त्यांचे सूर जुळतात. एवढ्या कॉफीने केकला कॉफीची स्पष्ट चव येत नाही, तर चॉकलेटचीच चव अधिक गडद लागते. हे मिश्रण बोटाला सोसेल इतके कोमट झाल्याखेरीज त्यात अंडे घालू नकोस, नाहीतर अंडे शिजून त्याचे कण होतील. मग तेल, ताक व साखर मिसळ, आणि शेवटी चाळलेला मैदा, सोडा, बेकिंग पावडर व मीठ घालून कोरडे पीठ दिसेनासे होईपर्यंतच हलव. अधिक ढवळल्यास मैद्यातील ग्लूटेनचे, म्हणजे चिकट प्रथिनांचे, जाळे घट्ट होते आणि केक चिवट होतो. मिश्रण पातळ दिसेल. ते तसेच असायला हवे, म्हणून वरून मैदा घालण्याचा मोह टाळ.

केक साधारण 35 ते 40 मिनिटांत होतो. पहिली 25 मिनिटे ओव्हनचे दार उघडू नकोस, कारण केकचा सांगाडा तोपर्यंत कच्चा असतो आणि गार हवेने तो मध्यभागी खचू शकतो. टोचलेल्या काडीला ओले पीठ न लागता एखाददुसरा ओलसर कण लागला, की केक बाहेर काढ. तो दहा मिनिटांनी डब्यातून सोडवून जाळीवर पूर्ण गार होऊ दे. तळहात तळाशी लावून पाहा. किंचितही ऊब जाणवली, तर थांब, कारण तेवढ्या उबेनेही क्रीम वितळून ओघळते.

आता क्रीमविषयी सविस्तर लिहिते, कारण या केकचा खरा जीव त्यातच आहे. किमान 35 टक्के स्निग्धांश असलेली 300 ग्रॅम दुधाची साय-क्रीम आणि 150 ग्रॅम गडद चॉकलेट घे. निम्मी क्रीम कडेला बुडबुडे येईपर्यंत तापवून तिच्यात दोन छोटे चमचे झटपट कॉफी विरघळव, ती बारीक चिरलेल्या चॉकलेटवर ओत, दोन मिनिटे थांब आणि मग मधून बाहेर सावकाश ढवळत ते एकजीव कर. भांडे व चमचा कोरडे ठेव. वितळत्या चॉकलेटमध्ये पाण्याचे चार थेंब पडले तरी साखर आणि कोकोचे कण एकमेकांना चिकटून ते रवाळ होते. नंतर उरलेली थंड क्रीम मिसळून हे सारे झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. फेटताना स्निग्धांशाचे गार कण हवेच्या बुडबुड्यांभोवती जमून त्यांना धरून ठेवतात. क्रीम कोमट असेल तर ते मऊ पडतात आणि हवा टिकत नाही. फेटणी उचलल्यावर क्रीमचे मऊ शेंडे उभे राहू लागले की लगेच थांब, कारण त्यापुढे मिश्रण दाणेदार होते.

केक आडवा कापून दोन थर कर, प्रत्येकावर थोडी साखर घातलेली गार कॉफी ब्रशने लाव, मध्ये व वरून क्रीम पसर आणि दोन तास फ्रिजमध्ये ठेव. कापण्यापूर्वी तो अर्धा तास बाहेर काढून ठेव, कारण फार थंड चॉकलेटची चव जिभेवर उमटत नाही. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून वापर.

कोको आणलास की पाकिटावरील घटक वाचून मला कळव. ही प्रमाणे साध्या, आंबट कोकोची आहेत, ज्याचा सोड्याशी चांगला संयोग होतो. अल्कलीने प्रक्रिया केलेला डच कोको असेल तर त्यातला आंबटपणा गेलेला असतो. अशा वेळी सोडा पाव छोट्या चमच्यावर आण आणि बेकिंग पावडर पूर्ण छोटा चमचा कर.

तुझी,
आई