ड्रोनचं किट नको, पानभर प्लॅन छापा

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सुट्टीत मुलांना काय घेऊन द्यावं यावर मोठा लेख होता आणि त्यात पहिल्याच नंबरला रेडीमेड ड्रोन. वाचून राहवलं नाही म्हणून दुकानात गर्दी नाही तोवर हे टाइप करतोय. माझं सांगलीत झेरॉक्स आणि प्लॉटिंगचं दुकान आहे, बिल्डिंगचे नकाशे, फ्लेक्स, सनबोर्ड असली कामं. विमानाशी माझा संबंध म्हणजे वरून आवाज आला की मान वर करायची एवढाच होता.

पाच-सहा वर्षांमागं डिप्लोमाचा एक पोरगा पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ घेऊन आला, रिमोटच्या विमानाचा प्लॅन, एफोरच्या तुकड्यांत. पानं काढायची, कडा जुळवून चिकटवायची, फोमवर ठेवून कटरनं कापायचं. अर्धी पानं मी काढून दिली, उरलेली तो दुसऱ्या दिवशी घेऊन गेला तेव्हा दुकानात माझा मुलगा होता आणि त्यानं प्रिंटरचं 'फिट टू पेज' (पानात बसवायला चित्र लहान करणारं सेटिंग) तसंच ठेवलं. म्हणजे डावा पंख १०० टक्के आणि उजवा ९७ टक्के! ४५ सेंटीमीटरच्या पंखात जवळपास दीड सेंटीमीटरचा फरक, क्षेत्रफळ म्हणाल तर सहा टक्के कमी. पोराला वाटलं आपल्याच कापण्यात चुकलं, त्यानं जोडावर टेप मारली आणि उडवलं. ते सारखं उजवीकडं झुकत गेलं आणि शेवटी उसात.

तो कागद घेऊन भांडायला आला तेव्हा मी पट्टी लावून मोजलं आणि गप्प बसलो. प्लॅनच्या कोपऱ्यात १० सेंटीमीटरची रेघ छापलेली असते ती याचसाठी असते हे मला, आयुष्यभर नकाशे काढणाऱ्याला, त्या दिवशी कळलं. अख्खा प्लॅन प्लॉटरवर (मोठे नकाशे काढायचं मशीन) एका कागदात फुकट काढून दिला आणि रविवारी बघायला गेलो. तिथनं जे लागलं ते लागलंच, आता बायको म्हणते दुकान विमानाचं आहे, झेरॉक्स जोडधंदा.

आता मुद्द्यावर येतो. रेडीमेड ड्रोन वाईट असं मी म्हणत नाही, पण त्यातला जायरो (कललेलं ओळखणारा सेन्सर) आणि कॉम्प्युटर सगळं सांभाळतो, हात सोडला तरी बरेचसे ड्रोन हवेत उभे राहतात, मग पोराला काय कळणार? विमानाचा तोल त्याच्या आकारात असतो आणि तो आकार तुम्ही कापलेला असतो. पंख जरासे वर उचलून इंग्रजी व्हीसारखे बसवले की विमान एका बाजूला कललं तरी त्या बाजूला घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त चढी लागते आणि तो आपोआप वर येतो. हे पुस्तकात वाचून माझ्या डोक्यात कधीच शिरलं नसतं, एकदा सपाट पंख लावून आपटल्यावर शिरलं.

आणि मापांचं गणित तर आमच्या धंद्यातलंच. झेरॉक्सला २०० टक्के झूम केलं की कागद चारपट लागतो हे रोजचं आहे, पण फोमची जाडी पण दुप्पट केली तर वजन आठपट होतं. पंख चारपट, वजन आठपट, म्हणजे पंखाच्या प्रत्येक इंचावर दुप्पट ओझं, मग ते उडणार पण वेगात आणि उतरणार पण वेगात, शिकणाऱ्याच्या हातात नको असलं विमान. उलट प्लॅन अर्धा केला तर मोटर, बॅटरी, सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी) काही अर्ध्या वजनाचे होत नाहीत. दहावीच्या पोराला वर्ग आणि घन असा शिकवून बघा, विसरणार नाही.

माझं सध्याचं विमान मीच काढलेल्या प्लॅनवरचं आहे. पंखाची लांबी ९० सेंटीमीटर, रुंदी १८, बॉडी लांबीच्या पाऊणपट, मागचा आडवा टेल क्षेत्रफळानं पंखाच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, उभा त्याच्या निम्मा. ही सगळी ठोकताळ्याची मापं, जुनी माणसं अशीच काढतात. तोल पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर यायला पाहिजे, म्हणजे माझ्याकडं पाच सेंटीमीटरवर. पंखाखाली दोन बोटं तिथं टेकवायची आणि विमान आडवं राहतंय का बघायचं, शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढं सरकवायची. सगळं मिळून ५५० ग्रॅम, त्यात ३ सेलची १००० एमएएचची लिपो बॅटरी ९० ग्रॅमच्या आसपास आणि ९-९ ग्रॅमचे ४ सर्व्हो.

फोमचं एक सांगून ठेवतो कारण लोक इथंच फसतात. सनबोर्ड म्हणून दुकानात दोन वेगळे माल मिळतात, एक घट्ट पीव्हीसीचा जो आम्ही पाट्यांना वापरतो, तो विमानाला लई जड. दुसरा आत हलका फोम आणि दोन्हीकडून कागद, तो घ्यायचा. फ्लेक्सवाल्याकडं त्याचे तुकडे पडलेले असतात, मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, मी तरी म्हणत नाही.

हां, आणि विमान उसात गेलंच तर रिमोट बंद करा. बरेच मोटर कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) सिग्नल गेला की पिप पिप करायला लागतात, त्या आवाजावर शोधायचं. आम्हाला हे माहीत नव्हतं तेव्हा दोन तास शोधलं, पानांनी हात चिरले आणि वर शेतमालकाच्या शिव्या.

परवानगीचं सगळे विचारतात. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिकण्यासाठी किंवा छंदासाठी डोळ्यांसमोर उडवायच्या मॉडेलला, २५ किलोपर्यंत, टाइप सर्टिफिकेट (डिझाइनची सरकारी मंजुरी) लागत नाही, आणि दोन किलोच्या आतलं, धंद्यासाठी नसलेलं असेल तर पायलटचं सर्टिफिकेट पण लागत नाही. पण डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये, म्हणजे उडवायला मोकळ्या भागात, आहे का ते आधी बघायचं आणि ४०० फुटांच्या खाली राहायचं. विमानतळाजवळ किंवा लष्कराच्या भागात राहणाऱ्यांनी तर नकाशा बघितल्याशिवाय बॅटरी लावूच नये.

तर माझी मागणी अशी. इंग्लंडात एरोमॉडेलर नावाचं मासिक १९३५ ला सुरू झालं, त्यात घडी घातलेले पूर्ण मापाचे प्लॅन यायचे आणि पोरं ते टेबलावर पसरून त्याच्यावरच लाकडाच्या काड्या जोडायची. तुमचं पान त्याहून काय लहान आहे? पुरवणीचं मधलं जोडपान उघडलं की हातानं फेकायचा ६० सेंटीमीटरचा ग्लायडर (बिनमोटरचं विमान) त्यात आरामात बसतो. ना परवानगी, ना बॅटरी, एक फोमशीट, कटर, हॉट ग्लू, आणि नाकात तोलाला एखादं नाणं. ज्याचा नीट तरंगेल तो पुढच्या सुट्टीत त्यालाच मोटर आणि सर्व्हो लावेल. कटर चालवताना मोठ्या माणसानं शेजारी बसावं एवढं मात्र छापा.

प्लॅन मी काढून देतो, पैसे नकोत. फक्त तुमच्या छपाईवाल्यांना सांगा, जाहिरात बसवायला म्हणून पान ९७ टक्के करायचं नाही, आणि कोपऱ्यातली १० सेंटीमीटरची रेघ कापायची नाही.

एक झेरॉक्सवाला, सांगली